बास्केटबॉल खेळून पोट भरतं का?

बास्केटबॉलमधल्या करिअरविषयी प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत. प्रशिक्षण, पंचगिरी आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, उंची पाच फूट दहा इंच. बास्केटबॉलच खेळणार म्हणतो, पुस्तकाला हात लावत नाही. यात क्रिकेटसारखा पैसा आहे का? – एक पालक, खानापूर

उत्तर : क्रिकेटसारखा नाही, आणि हे त्याला आजच स्पष्ट सांगा. भारतात बास्केटबॉलपटूची मिळकत मुख्यतः नोकरीतून येते. रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर खातं, पोलीस अशा संस्था खेळाडूला नोकरीत घेतात, सरावाला वेळ देतात आणि तो त्यांच्या संघातून खेळतो. लीग निघाल्या. यूबीए लीग २०१५ ते २०१७ चालली, आयएनबीएल या राष्ट्रीय लीगच्या २०२२-२३ च्या हंगामात सहा शहरांचे संघ उतरले. पण लीग काही आठवड्यांची असते, तिच्यावर वर्षाचा संसार चालत नाही. भारताचा कर्णधार राहिलेला, अर्जुन पुरस्कार मिळालेला विशेष भृगुवंशी हासुद्धा ओएनजीसीचा खेळाडू. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड थर्टीसिक्सर्स संघाने त्याला करारबद्ध केलं होतं.

परदेशाची वाट बंद नाही, पण फार अरुंद आहे. पंजाबातला सतनामसिंग भामरा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. उंची सात फुटांच्या वर, अमेरिकेतल्या अकादमीत कित्येक वर्षं तयारी, तरीही एनबीएच्या मुख्य सामन्यात तो उतरू शकला नाही. म्हणून मुलाने स्वप्न एनबीएचं बघावं, पण आखणी नोकरीची करावी.

आणि त्या आखणीत अभ्यास मध्यभागी आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात दहावी झालेल्याला लेव्हल १ ची जागा मिळू शकते, म्हणजे मूळ पगार १८,००० रुपयांपासून. बारावीवाल्याला लेव्हल २ किंवा ३, म्हणजे १९,९०० किंवा २१,७००. पदवीधराला लेव्हल ४ किंवा ५, म्हणजे २५,५०० किंवा २९,२००. महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. एकाच संघातले, सारख्याच तोडीचे दोन खेळाडू केवळ शिक्षणामुळे वेगळ्या पायरीवर नोकरीला लागतात. पुढची बढती त्या पायरीवरून मोजली जाते. वरच्या दर्जाचा खेळ साधारण बत्तीस-पस्तिशीत थांबतो, नोकरी मात्र साठीपर्यंत असते.

रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या खुल्या भरतीत १०० गुण असतात. त्यातले ५० मिळवलेल्या यशाला, ४० मैदानी चाचणीला, १० शिक्षणाला. चाचणीत ४० पैकी किमान २५ लागतात, नाहीतर पुढचं काही मोजत नाहीत. वय १८ ते २५, त्यात सवलत नाही. सगळ्यात जास्त मुलं चुकतात ती मुदतीत : यश चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतलं असावं लागतं. सतराव्या वर्षी ज्युनिअर राष्ट्रीय खेळलेला मुलगा पुढे दोन-तीन वर्षं कुठेच खेळला नाही, तर एकविसाव्या वर्षी ते प्रमाणपत्र भिंतीवर लावायच्या उपयोगाचं उरतं. खेळ अखंड ठेवायचा तो यासाठी. जागाही थोड्या असतात. एका झोनमध्ये बास्केटबॉलला दोन-चार, आणि त्याही ‘पॉइंट गार्ड’ (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा), ‘सेंटर’ (रिंगजवळचा उंच खेळाडू) अशा जागेनुसार. बेळगाव नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात येतं म्हणून फक्त हुबळीची जाहिरात पाहू नका, सगळ्या झोनच्या पाहा.

प्रश्न : आम्ही बेळगाव तालुक्यातले. मुलीला कोल्हापूरला मावशीकडे ठेवून महाराष्ट्रातून खेळवावं की इथूनच? इथं मराठी मुलांची निवड होते का, अशीही शंका येते. – एक आई

उत्तर : आधी नियम समजून घेऊ. शालेय स्पर्धांत (१४, १७ आणि १९ वर्षांखालील गट) मुलगी ज्या शाळेत शिकते त्या राज्याकडून खेळते. मातृभाषा किंवा मूळ गाव तिथे विचारत नाहीत. इथल्या शाळेत असेल तर तालुका, जिल्हा, मग बेळगाव विभाग आणि शेवटी राज्य, अशा पायऱ्या. कर्नाटक सरकारच्या दसरा क्रीडा स्पर्धाही याच क्रमाने होतात. संघटनेच्या स्पर्धा (१३, १६, १८ वर्षांखालील आणि खुला गट) राज्य बास्केटबॉल संघटनेमार्फत होतात. तिथे नोंदणी एकाच राज्याची. दुसऱ्या राज्यात जायचं तर पहिल्या संघटनेचं ना हरकत पत्र लागतं. एका हंगामात दोन दगडांवर पाय ठेवला तर दोन्हीकडून नाव कटतं.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत आणि काही प्रवेशांत सवलत आहे. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. ही सवलत नोकरी-प्रवेशापुरती आहे, राज्याच्या संघात निवड होण्याशी तिचा संबंध नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. पण कोणत्या राज्याकडून खेळलेली स्पर्धा त्यात धरतील, हे अर्ज करण्याआधी कोल्हापूरच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात लेखी विचारा. केंद्राच्या नोकऱ्यांना, म्हणजे रेल्वे, टपाल, आयकर यांना, राज्य कुठलंही चालतं.

आमचं मत असं की दहावीच्या आत केवळ राज्य बदलण्यासाठी मुलीला घराबाहेर काढू नका. जिथे रोज दीड-दोन तास कोर्ट मिळेल, मुलींचा पूर्ण संघ असेल आणि वर्षाला पंधरा-वीस तरी खरे सामने होतील तिथे ठेवा, मग ते कोल्हापूर असो की बेळगाव. निवडीच्या शंकेबद्दल : चाचणीच्या वेळी बचावात बोलता येणं हे निवडसमितीला लगेच दिसतं. संघातल्या बाकी मुली कन्नडमध्ये ओरडत असतील आणि आपली मुलगी गप्प असेल, तर ती खेळात मागे वाटते. कामापुरतं कन्नड तिला यायलाच हवं. राज्य शिबिरं बहुधा बेंगळुरूला कंठीरवा स्टेडियमच्या परिसरात होतात. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट चाचणीला उभं करू नका, एक दिवस आधी पोचवा. बसून आखडलेल्या पायांनी उडी सहज कमी पडते.

प्रश्न : प्रमाणपत्रं कोणती जपायची? – पदवीचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर : स्पर्धेत हातात मिळतं ते रंगीत प्रमाणपत्र भरतीला पुरत नाही. केंद्र सरकारी भरतीत स्पर्धांसाठी चार नमुने चालतात. नमुना १ आंतरराष्ट्रीय सहभागाचा, राष्ट्रीय महासंघाच्या सचिवांच्या सहीचा. नमुना २ राष्ट्रीय स्पर्धेचा, महासंघ किंवा राज्य संघटनेच्या सचिवांच्या सहीचा. नमुना ३ आंतरविद्यापीठ स्पर्धेचा, विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांकडून. नमुना ४ राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा, शिक्षण खात्यातल्या क्रीडा अधिकाऱ्याकडून. स्पर्धा संपल्यावर महिन्याभरात हे नमुने भरून घ्या. पदाधिकारी बदलले, दप्तर हललं की वर्षानंतर सही मिळणं अवघड होतं.

आपल्या भागातला खास घोळ नावाचा. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन भाग; आधारवर कन्नड पद्धतीने आद्याक्षरं; एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. पडताळणीत अर्ज अडकतो तो इथे. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी तिन्ही कागदांवर अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या, कारण पुढचे सगळे कागद दहावीच्या गुणपत्रिकेवरून चालतात. जन्मतारखेचंही तसंच. जन्मनोंद उशिरा केलेली असेल तर वयोगटाच्या स्पर्धेत शंका घेतात आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात.

राणी चन्नम्मा विद्यापीठाचा संघ दक्षिण विभागात खेळतो. तिथे तमिळनाडू-केरळच्या तगड्या विद्यापीठांशी गाठ पडते. शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात. पदवीला कुठे प्रवेश घ्यायचा ते ठरवताना हेही डोक्यात असू द्या. रेल्वेच्या जाहिरातींत नुसता सहभाग पुरत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत राज्याचा संघ पहिल्या आठांत किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत, अशा अटी पदाच्या लेव्हलनुसार असतात.

प्रश्न : मी १४ वर्षांची आहे. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा आलाय, उड्या मारल्या की दुखतं. आई खेळ बंद कर म्हणते. – एक खेळाडू, चिकोडी

उत्तर : तू लिहिलेली लक्षणं ऑसगुड-श्लॅटरची वाटतात, तरी एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून खात्री करून घे. वाढीच्या वयात मांडीचा पुढचा स्नायू वाटीमार्फत नडगीच्या हाडाला जिथे ओढतो, तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. उंची भराभर वाढते, स्नायू तेवढ्या वेगाने लांब होत नाही, आणि प्रत्येक उडीला त्या जागी ओढ बसते. वाढ थांबली की दुखणं बहुतेकांचं जातं, उंचवटा राहू शकतो. खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही, उड्या मोजाव्या लागतात.

दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा दे. खेळताना ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेलं असेल तर चालू ठेव. ४-५ वर गेलं किंवा सकाळी लंगडत असशील तर त्या आठवड्यात उड्या निम्म्या कर. नेमबाजी जागेवरून, ड्रिबलिंग, पासिंग चालू. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायचं, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, एक दिवसाआड. गुडघा किती वाकवायचा ते दुखण्यावरून ठरव. मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू रोज ३० सेकंद ताणायचा. सरावानंतर बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं.

दुसरी गोष्ट पाय टेकण्याची, आणि ती सगळ्याच मुलींनी वाचावी. गुडघ्यातला एसीएल नावाचा दोर तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. तो बहुतेक वेळा कुणी न धडकताच तुटतो, उडीवरून उतरताना किंवा एकदम थांबून वळताना. साधारण ३० सेंटिमीटर उंच पायरीवरून खाली उडी मार आणि मैत्रिणीला समोरून मोबाईलवर चित्रण करायला सांग. उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे आत झुकत असतील तर धोका आहे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, कंबर मागे जाऊन गुडघे वाकले पाहिजेत, आणि टेकताना आवाज कमीत कमी झाला पाहिजे. धप्प आवाज आला की समज, धक्का स्नायूंनी झेलला नाही, सांध्याने झेलला. अशा आठ उड्या, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, सरावाच्या सुरुवातीला. दमल्यावर नाही.

गुडघा सुजला, अडकला, रात्री झोपेत दुखायला लागला किंवा उतरताना ‘कट्’ असा आवाज आला, तर बर्फ लावत बसू नका, लगेच डॉक्टरकडे.

प्रश्न : सरावात दहापैकी आठ शॉट पडतात, सामन्यात तीनसुद्धा नाही. – एक खेळाडू, शहापूर

उत्तर : सरावात उभं राहून, श्वास शांत असताना, एकाच जागेवरून मारत असणार. सामन्यात धावत येऊन, समोर हात असताना, ०.७-०.८ सेकंदात चेंडू सुटला पाहिजे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सराव दुसऱ्या गोष्टीचा हवा.

तरीही पहिलं तंत्र तपासा. चेंडू बोटांच्या पेरांवर असावा, तळव्याच्या मधोमध आणि चेंडूत एक बोट शिरेल एवढी फट. तळव्यावर बसलेला चेंडू ढकलला जातो, फिरकी मिळत नाही, आणि फिरकी नसलेला चेंडू रिंगच्या कडेला लागला की बाहेर उडतो. दुसरा हात फक्त आधाराला. चेंडू सारखा डावी-उजवीकडे जात असेल तर बहुतेक वेळा त्या आधाराच्या हाताचा अंगठा शेवटच्या क्षणी चेंडूला टोचत असतो. अंगठा तर्जनीला चिकटवून पन्नास शॉट मारा, लगेच कळेल. चेंडू सतत अपुरा पडत असेल तर हात दोषी नाही, गुडघे वाकत नाहीत. सतत लांब जात असेल तर बहुधा चाप कमी आहे, चेंडू सपाट चाललाय.

रोजचा क्रम असा ठेवा. रिंगपासून एक-दीड मीटरवर एका हाताने २५, फळीला न लावता. मग पाच जागांवरून दहा-दहा, प्रत्येक शॉटच्या आधी दोन पावलं धावत येऊन चेंडू झेलायचा. शेवटी मधल्या रेषेपर्यंत जाऊन-येऊन दोन धावा, आणि लगेच दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट); असं दहा वेळा. या शेवटच्या वीस फ्री थ्रोपैकी चौदा पडायला लागले की सामन्यातलं चित्र बदलतं. वहीत जागानिहाय आकडे लिहा. महिन्याभराने कळेल की तुम्ही ‘वाईट नेमबाज’ नाही, डाव्या कोपऱ्यातून वाईट आहात.

प्रश्न : लेअपला (धावत येऊन रिंगजवळून मारायच्या शॉटला) दोन पावलं बरोबर टाकतो तरी आमच्याकडे पंच ट्रॅव्हल, म्हणजे जास्त पावलांचा दोष, देतात. – कॉलेज खेळाडू, टिळकवाडी

उत्तर : फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, २०१७ पासून नियम बदलला आहे. धावता धावता चेंडू दोन्ही हातांत आला त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचं नाही. त्यानंतरची दोन मोजायची. काही जुने पंच ते पहिलं पाऊलही धरतात. सामन्याआधी कर्णधाराने विनयाने विचारून घ्यावं, सामन्यात हुज्जत घालू नये. मात्र चेंडू उभ्याने झेलून मग धावायला सुरुवात केली तर ही मोकळीक नाही. तिथे आधारपाय (जागेवर टेकलेला पाय) उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेच्या आवारात एक कोर्ट करायचं आहे. माजी विद्यार्थी खर्च देतील. पूर्ण कोर्टाएवढी जागा नाही. – क्रीडाशिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटरचं. तुम्ही १५ मीटर रुंद, ११ मीटर खोल असं अर्धं करा. ते थ्री-बाय-थ्री, म्हणजे एकाच रिंगवर तिघा-तिघांत खेळायच्या, खेळाचं अधिकृत माप आहे आणि रोजच्या सरावाला उत्तम. चारही बाजूंना एक-एक मीटर मोकळी पट्टी धरली तर काँक्रीट १७ बाय १३ मीटरचं होतं, २२१ चौरस मीटर. १० सेंटिमीटर जाडीला साधारण २२ घनमीटर काँक्रीट, एम-२० मिश्रणाला १७५ ते १८० पोती सिमेंट.

रिंग उत्तर किंवा दक्षिण टोकाला ठेवा, म्हणजे संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत येत नाही. लाल मातीत वरची भुसभुशीत माती काढून १५-२० सेंटिमीटर मुरूम पुरतो. तुमचं पाहून कोणी चिकोडी-रायबागच्या काळ्या जमिनीत असंच करायला गेलं तर मात्र पहिल्याच उन्हाळ्यात भेगा पडतील, कारण काळी माती पाण्याने फुगते आणि सुकून आकसते. तिथे दीड-दोन फूट खणून, मुरमाचे १५-१५ सेंटिमीटरचे थर पाणी मारून रोलरने दाबावे लागतात.

खानापूरचा पाऊस पाहता उतार चुकवू नका : १०० ला १, तोही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे १५ मीटरच्या रुंदीत १५ सेंटिमीटर. चारी बाजूंना उतार काढला की खेळाडूंना चेंडू घरंगळल्यासारखा वाटतो. तीन-साडेतीन मीटरवर सांधे, काँक्रीट टाकल्यापासून २४ तासांत कापलेले, अडीच सेंटिमीटर खोल. पृष्ठभाग आरशासारखा घोटू देऊ नका. गवंड्याला तो चकाकलेला आवडतो, पण दवातही मुलं त्यावर घसरतात. घोटून झाल्यावर झाडूचा हलका हात फिरवून घ्या. किमान चौदा दिवस पाणी, रंग अठ्ठावीस दिवसांनंतर. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा.

खांब ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. शाळा-शाळांत खांब अगदी रेषेवर रोवलेला दिसतो, आणि लेअप मारून पुढे गेलेलं पोर त्यावर आदळतं. फळीचा पुढचा भाग रेषेच्या १.२ मीटर आत हवा, खांब रेषेच्या बाहेर शक्यतो २ मीटर, जागा नसेल तर निदान १ मीटर. एवढा लांब हात थरथरतो म्हणून १५० मिलिमीटरचा पाइप, वर-खाली तिरके आधार, आणि पाया एक बाय एक मीटर, १.२ मीटर खोल. खांबाला दोन मीटर उंचीपर्यंत फोमची गादी बांधा. फळी १.८० बाय १.०५ मीटर, खालची कड २.९० वर, रिंग ३.०५ वर. ही उंची रिंगच्या बरोबर खाली काँक्रीटवरून मोजा. उताराच्या कडेवरून मोजली की रिंग चुकते. प्लायवूडची फळी तुमच्या पावसात कडेने फुगते. खर्च परवडत असेल तर १० ते १२ मिलिमीटर ॲक्रिलिक, नाहीतर फायबरची. लोखंडी जाळीची फळी घेऊ नका, तिच्यावरून चेंडू परत येतच नाही.

प्रश्न : चेंडू आणि बूट कोणते? – अनेक वाचक

उत्तर : बारा वर्षांखालील मुलांना ५ नंबर, मुली-महिलांना ६, मोठ्या मुलांना ७. सिमेंटवर रबरी चेंडूच घ्या. इनडोअरचा कंपोझिट लेदर सिमेंटवर दोन महिन्यांत गुळगुळीत होतो. हवा तपासायला चेंडू १.८ मीटरवरून सोडा, उसळून त्याचा माथा १.२ ते १.४ मीटरपर्यंत यावा. बुटाचा तळ कडक रबराचा, नक्षी खोल. दुकानात संध्याकाळी जा आणि खेळताना घालता ते मोजे घालून माप घ्या; अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा हवी. धावायचे बूट नकोत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला वळताना घोटा मुरगळतो.

प्रश्न : उंची साडेपाच फूट. काही होईल का? – खेळाडू, वय १९

उत्तर : खुल्या गटात राज्याच्या संघात यायचं तर पॉइंट गार्डच्याच जागी. त्यासाठी डावा हात उजव्याइतका चालला पाहिजे, आठ सेकंदांत दबावाखाली चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेता आला पाहिजे आणि तीन गुणांचा शॉट ६.७५ मीटरवरून दहापैकी चार तरी पडला पाहिजे. उंची वाढवण्याच्या गोळ्या-पावडरींवर एक रुपयाही घालवू नका, या वयात हाडांच्या टोकांची वाढ संपत आलेली असते.

प्रश्न : जिमवाले प्री-वर्कआउट (व्यायामाआधीची पावडर) घे म्हणतात. घ्यावं का?

उत्तर : नको. सतनामसिंगवर नाडाने (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने) दोन वर्षांची बंदी घातली ती हायजेनामाइन या द्रव्यामुळे. हे द्रव्य काही पूरक पावडरींत असतं आणि डब्यावर वनस्पतीच्या नावाखाली लपलेलं राहतं. ‘माहीत नव्हतं’ ही सबब बंदी पूर्ण टाळत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूवरच असते. खोकल्याच्या काही औषधांत टर्ब्युटालीन असतं, तेही बंदी असलेल्या यादीतलं आहे. डॉक्टरांना ‘मी स्पर्धेत खेळतो’ असं आधी सांगा, औषधाची चिठ्ठी जपा, आणि नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर घटक तपासा. दम्याचा पंप लागत असेल तर तो बंद करू नका, त्याची परवानगी रीतसर मिळते.

प्रथिनांसाठी डबा लागत नाही. ६० किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण ९० ग्रॅम पुरतात. चार अंडी २४, दोन पेले दूध १३-१४, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२, दोन वाट्या उसळ-आमटी १४-१५, भाकरी-चपाती आणि भात मिळून २० च्या घरात, वर वाटीभर दही. मांसाहार असेल तर आणखी सोपं. सरावानंतर तासाभराच्या आत जेवण मिळालं पाहिजे. गावाकडच्या मुलांचं इथेच बिनसतं. शेवटची बस पकडून साडेनऊला घरी, तोवर पोटात फक्त चहा-बिस्कीट. पिशवीत दोन उकडलेली अंडी आणि केळी ठेवा.

प्रश्न : अमेरिकेत बास्केटबॉलवर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते म्हणतात. मराठी माध्यमातून शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, पण तयारी नववीपासून. बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळली. डिव्हिजन १, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या स्तरासाठी, नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय मोजतात आणि त्यांची सरासरी ४ पैकी किमान २.३ लागते. म्हणजे नववीचे गुणही धरतात, आणि आपल्याकडे नववीची गुणपत्रिका कोणी जपत नाही. ती शाळेकडून शिक्क्यासह घ्या, इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून ठेवा. बारावीनंतर कॉलेजला जायला एका वर्षाहून जास्त उशीर झाला तर खेळायची पात्रता कमी होऊ शकते. प्रशिक्षकांना पाठवायच्या चित्रफितीत संगीत लावलेले तुकडे नकोत. दोन-तीन मिनिटांचे निवडक प्रसंग आणि सोबत एक पूर्ण सामना, चुकांसकट. डिव्हिजन ३ ची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. ‘हमखास प्रवेश’ म्हणून लाखभर मागणाऱ्या एजंटाला आधी विचारा, कुठल्या डिव्हिजनचं कॉलेज.

प्रश्न : थ्री-बाय-थ्री खेळावं का?

उत्तर : जरूर. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिक खेळ आहे आणि चार जणांत (तीन मैदानात, एक राखीव) संघ होतो. दहा मिनिटं किंवा २१ गुण, बारा सेकंदांत शॉट. संघ जमवायला मोठं कॉलेज लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या मुलांना सोयीचा. फिबाच्या थ्री-बाय-थ्री संकेतस्थळावर प्रोफाइल करा, नोंदणीकृत स्पर्धेचे गुण तिथे जमा होतात. फक्त त्यावरच भर दिला तर पाच जणांच्या खेळातली जागा धरण्याची समज कच्ची राहते, आणि नोकरीच्या चाचण्या बहुतेक पाच जणांच्याच असतात.

प्रश्न : वय २४, बी.कॉम. झालं, राज्य स्पर्धेपलीकडे गेलो नाही. आता खेळातच राहायचं तर? – बेळगाव

उत्तर : क्रीडा कोट्यातून खेळाडू म्हणून लागायची वेळ जवळपास गेली, पण खेळात काम आहे. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर दोन वर्षांचं बी.पी.एड. करा. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा, आणि त्याच्या प्रवेशाला खेळातल्या यशाचे कागद लागतात. तुमची राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं तिथे धरतात का, ते आधी विचारून घ्या. आधी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून बघा, शिकवणं जमतं का ते कळेल.

पंचगिरीकडे आपल्या भागात फार थोडे वळतात, त्यामुळे जिल्हा आणि विद्यापीठ स्पर्धांना चांगले पंच कमी पडतात. सुरुवात राज्य संघटनेच्या परीक्षेने होते : लेखी नियम, मग सामन्यात प्रत्यक्ष. पुढे राष्ट्रीय पंच, आणि धावण्याची कसोटी पार केली तर फिबाचा परवाना. नियमपुस्तक दर दोन वर्षांनी सुधारतं, जुनी प्रत वाचून परीक्षेला जाऊ नका. त्याआधी दोन-तीन स्पर्धांत टेबलावर बसून गुणपत्रक भरायला शिका. शॉटसाठीचं २४ सेकंदांचं घड्याळ कधी १४ वर आणायचं, हे त्या टेबलावर जेवढं पक्कं होतं तेवढं पुस्तकाने होत नाही. टेबलावरच्या माणसाला स्पर्धेचं मानधनही मिळतं.